जाऊबाईंची हाडं

जाऊबाईंचं मनगट मोडलं तेव्हा त्या काही पडल्याबिडल्या नव्हत्या. दुपारचं जेवण झालं, उठायला म्हणून उजवा हात फरशीवर टेकला आणि आत कट्कन आवाज आला, एवढंच. तो आवाज त्यांनी कुणाला सांगितला नाही. जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधली आणि संध्याकाळी डाव्या हाताने म्हशीचं दूध काढलं. तिसऱ्या दिवशी रविवार होता म्हणून मी गावी गेले, तर हात कोपरापर्यंत सुजलेला.

"मुरगळला असंन," त्या म्हणाल्या.

मी पंचवीस वर्षं शाळेत पोरांवर ओरडते आहे. तो घसा घरीही कामी येतो. मी इतकी ओरडले की शेजारच्या घरातून दोघी डोकावून गेल्या. तासाभरात आम्ही बुलढाण्याच्या रस्त्याला लागलो.

त्या माझ्या थोरल्या जाऊ. थोरल्या म्हणजे वयाने दोनच वर्षांनी मोठ्या. तेव्हा मी एक्कावन्नची होते आणि त्या त्रेपन्नच्या. एकाच वर्षी आम्ही त्या घरात सुना म्हणून आलो. घर चिखलीहून देऊळगाव राजाकडे जाताना आत वळलं की लागणाऱ्या एका गावात. मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली आणि पुढे आम्ही चिखलीला राहायला गेलो. त्या मागे राहिल्या. शेती, दोन म्हशी, सासूसासरे आणि बरीच वर्षं माझी दोन पोरंसुद्धा त्यांच्याकडे. त्या मला आजही 'मास्तरीण' म्हणतात. लाडात असल्या तरी आणि चिडल्या तरी.

बुलढाण्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी मनगटाला प्लास्टर घातलं. एवढ्याशाने हाड मोडतं म्हणजे हाडात काही दम राहिलेला नाही, असं म्हणून त्यांनी पाठीचाही फोटो काढायला लावला आणि हाडांची घनता मोजायची तपासणी सांगितली. मी हुशारी करून म्हणाले, माझीही करून टाका, आलेच आहे तर. पाठीच्या फोटोत एक मणका दाबला गेलेला दिसला. गेली दोन वर्षं त्यांची उंची कमी झाल्यासारखी वाटत होती, ते त्यांनी चप्पल बदलल्यामुळे असेल असं मी धरून चालले होते. माणूस डोळ्यांसमोर लहान होत जातं आणि आपण चपलेला दोष देतो.

तपासणीचे कागद आले. माझी हाडं ठीक होती, फक्त ड जीवनसत्त्व कमी. स्कूटीवर डोक्यापासून हनुवटीपर्यंत स्कार्फ गुंडाळून जाणाऱ्या आणि दिवसभर वर्गात बसणाऱ्या बाईला आणखी काय मिळणार. जाऊबाईंचं नेमकं उलट. डॉक्टरांनी त्यांना उन्हात फिरता का विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ऊन त आमच्याच घरी राह्यते, साहेब." पण हाडं पार पोकळ.

"लहानपणी, तरुणपणी दूध वगैरे?" डॉक्टरांनी आम्हा दोघींकडे बघत विचारलं.

माझ्या वतीने जाऊबाईच बोलल्या. "हिले मी पाजलं. शाळेत जायच्या आधी रोज पेला भरून. उभं राहून शिकवा लागते न तिले."

"आणि तुम्ही?"

"मले दूध पचत नाई. मी काळा चहा पेते."

मग डॉक्टरांनी पाळीचं विचारलं. जाऊबाई माझ्याकडे बघू लागल्या, म्हणून मी सांगितलं की तेहतिसाव्या वर्षी पिशवी काढली आहे. डॉक्टरांनी मान हलवली. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली होती का, हे त्यांनी विचारलं. ते आम्हाला माहीत नव्हतं. पुढच्या खेपेला जुनी फाईल नेली तेव्हा कळलं की काढली होती. त्यांनी समजावून सांगितलं, की बाईच्या हाडांना बळ देणारा रस तिथूनच येतो. पाळी आपसूक जाते तेव्हाही हाडं झिजायला लागतात, पण ते पन्नाशीच्या आसपास. यांची गेली वीस वर्षं झिजताहेत.

आमच्याकडे बायकांची पिशवी काढणं म्हणजे दात काढण्याइतकं सोपं झालं होतं. अंगावरून जास्त जायला लागलं, कंबर दुखली, की "लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम" असं घरात कोणीतरी म्हणायचं. जाऊबाईंच्या वेळी ते मी म्हटलं होतं. घरात शिकलेली मीच, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन होतं. दुसऱ्या डॉक्टरला दाखवू, आधी औषधं घेऊन बघू, असं माझ्या डोक्यातही आलं नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, इथे लिहिते आहे.

निघताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मनगट जुळेल. पण या खुब्यावर पडल्या आणि खुबा मोडला, तर परत आपल्या पायावर चालतील याची खात्री नाही. जपा."

म्हणजे आता माझं काम ठरलं. मी शिक्षिका, मला तक्ता केल्याशिवाय काही समजत नाही. कार्डशीटवर महिन्याचे रकाने आखले. रोज संध्याकाळी जेवणानंतर कॅल्शियमची गोळी, ती गेली की फुली. आठवड्याची एक मोठी गोळी रविवारी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही, खायचं नाही. ती गोळी मी समोर बसून द्यायची. तो अर्धा तास त्यांना फार जड जायचा.

"काईच न करता अर्धा घंटा बसू? लोक काय म्हनतीन?"

"लोक म्हनतीन, साहेबीन बसली हाय," मी म्हणायचे.

खुर्चीवर ताठ बसून त्या दारातून जाणाऱ्या प्रत्येकाला "औषध घेतलं म्हनून बसली हाव" असं खुलासेवार सांगायच्या. त्या अर्ध्या तासात आम्ही जितकं बोललो तितकं आधीच्या पंचवीस वर्षांत बोललो नव्हतो. मला त्या रविवारांचा लोभ लागला. आणि भिंतीवरच्या तक्त्यात एक फुली चुकलेली नसायची. रिकामी पाकिटं डब्यात नीट जमवलेली. मी शाळेत माझ्या सोबतच्या बाईंना सांगत होते, आमच्या जाऊबाई दुसरी शिकल्या, पण शिस्त बघा.

सहा महिन्यांनी रक्त तपासलं. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कॅल्शियम नियमित घेतात ना, त्यांनी विचारलं. मी तक्त्याचा मोबाईलवरचा फोटो दाखवला. खरंच दाखवला. आज आठवलं तरी कान गरम होतात.

त्यानंतरच्या एका रविवारी परतीची जीप हुकली. पुढची येईपर्यंत दिवस कलायला आला. मी बसून कंटाळले म्हणून गोठ्याकडे गेले. जाऊबाई म्हशीसाठी सरकीची ढेप भिजवत होत्या. त्यांनी पदराच्या गाठीतून गोळी काढली, दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने ठेचली, आणि ती पांढरी भुकटी ढेपेत कालवून घमेलं म्हशीपुढे सरकवलं. मग उठल्या, हात धुतले, आत जाऊन तक्त्यावर फुली मारून आल्या.

मी तिथेच उभी होते.

"हे किती दिवसापासून चालू हाय?"

"काऊन?" त्या अजिबात दचकल्या नाहीत. "ही व्याली न, तवापासून. आठवते का, बसून गेली होती, उठूनच नव्हती राह्यली. ढोराच्या डॉक्टरनं सलाईन देल्लं, कॅल्शियमचं. अन् घडीभऱ्यात उठली. मंग बाटली देल्ली होती पाजाले. ते बाटली संपली. मी म्हनलं, माह्याजवळ कॅल्शियमच हाय न."

"तुमचं हाय ते."

"कॅल्शियम त एकच राह्यते."

"मंग फुली काऊन मारता?"

"तूच सांगतलं होतं, गोळी गेली का फुली मार. गेलीच न."

मी भडकले. म्हैस मोठी का तुम्ही मोठ्या, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं नाही का, उद्या खुबा मोडला तर काय म्हैस उचलून बसवणार आहे का, असं बरंच काही. त्या शांतपणे ऐकत होत्या आणि म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "ते खाईन त दूध देईन. मी खाऊन काय देनार हाव?"

त्यांनी हे रडून वगैरे म्हटलं नाही. हिशेब सांगावा तसं सांगितलं. आणि माझा राग जिथल्या तिथे बसला. ज्याच्यातून दुसऱ्याला काही मिळतं त्यालाच खायला घालायचं, हा त्यांचा कायदा होता, आणि त्या कायद्याचा सगळ्यात जास्त फायदा घेतलेली बाई मीच होते.

"दूध पचत नाई म्हनता ते खरं हाय का?" मी विचारलं.

त्या हसल्या. "पचते व. न पचाले काय झालं. तवा डेअरीले घातलं का उरे किती? तुही दोन, माही तीन, बुढाबुढी, अन् तुहा पेला. मंग माह्या चहात कुठचं टाकू?"

त्या रात्री मी चिखलीला गेलेच नाही. गेले असते तरी झोप लागली नसती. माझ्या हाडांचा तो 'ठीक आहे' लिहिलेला कागद मला सारखा दिसत होता. मी तो कागद स्वतःचं कर्तृत्व समजून फाईलमध्ये ठेवला होता.

सकाळी मी शाळेत रजा कळवली आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. माणसांच्या डॉक्टरांवर जाऊबाईंचा विश्वास बेताचाच. ते फक्त विचारतात, आणि जाऊबाईंच्या मते ज्याला खरंच कळतं त्याला विचारावं लागत नाही. ढोरांच्या डॉक्टरांवर मात्र त्यांची पूर्ण श्रद्धा होती, कारण जनावर बोलत नसताना ते दुखणं ओळखतात. तरुण माणूस, जवळच्याच तालुक्यातला. मी फोनवर सगळं सांगितलं. पलीकडे ते आधी हसले आणि मग म्हणाले, येतो.

ते आले, म्हशीला तपासलं, चहा घेतला. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "काकू, हिले रोज किती गोळ्या घालता?"

"एक."

"ह्या एका गोळीनं हिच्या एका टायमाच्या दुधाचंही भागत नाही. हिले कॅल्शियम लागलं तर मी बाटली देईन. तुमच्या गोळीचा तिले काईच फायदा नाही झाला. इतके महिने ते गोळी वायाच गेली."

जाऊबाईंचा चेहरा पडला. वस्तू वाया जाणं त्यांना सहन होत नाही. शिळ्या भाकरीचाही त्या काला करतात.

"अन् ही बसली कशानं होती, माहीत हाय?" डॉक्टर म्हणाले. "व्याल्यावर दूध उतरते, त्या दुधात कॅल्शियम जाते. पोटातून पुरलं नाही तर अंगातलं जाते, हाडातलं जाते. देनारी जितकी जास्त देते तितकी लवकर बसते. चांगल्या म्हशीच बसतात, काकू. भाकड म्हैस कधी बसलेली पाह्यली का तुमी?"

"नाई," जाऊबाई म्हणाल्या.

"तुमी तीन लेकरं पाजली. वरतून पिशवी काढलेली. तुमचं हाडातलंच गेलेलं हाय. तुमीबी बसाच्या आधी खा."

त्यांनी हे इतक्या साधेपणाने सांगितलं, की बुलढाण्याच्या डॉक्टरांचे कागद, माझा तक्ता आणि माझं ओरडणं सगळं फिकं पडलं. जाऊबाईंनी म्हशीकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या मनगटाकडे. "बरं," एवढंच म्हणाल्या. त्या तरुण डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांना मी नंतर तसं सांगितलं तर ते म्हणाले, मॅडम, मी तर फक्त म्हशीचं सांगितलं.

त्या दिवसापासून गोळी जाऊबाईंच्या तोंडात जाऊ लागली. मी तक्ता फाडून टाकला. त्याऐवजी त्यांनी स्वतःच एक नेम केला: म्हशीची ढेप भिजवली की घमेल्याशेजारी आपला दुधाचा पेला ठेवायचा, आणि दोघींनी बरोबर खायचं. पहिले काही दिवस पेला हातात घेऊन त्या इकडेतिकडे बघायच्या, कुणी मागतं का म्हणून. कुणी मागत नव्हतं. पोरं मोठी होऊन बाहेर गेलेली, सासूसासरे राहिले नव्हते. दूध उरत होतं, कितीतरी वर्षांपासून उरत होतं, पण काळ्या चहाची सवय मोडायचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. जेवणात नाचणी आली, तीळ आले, शेवग्याचा पाला तर परसातच होता. सकाळी मी शिकवलेले व्यायाम करायला लाजायच्या म्हणून दार लावून करायच्या. भिंतीला धरून एका पायावर उभं राहायचं, टाचा उचलायच्या. मीही चिखलीत गच्चीवर उन्हात बसू लागले, स्कार्फ न बांधता. रंग थोडा काळवंडला. चालतंय.

असं दीड वर्ष गेलं. एके दिवशी सकाळी, थंडीचे दिवस, पहिला तास चालू होता आणि थोरल्या दिरांचा, जाऊबाईंच्या यजमानांचा, फोन आला. "पडली ती. गोठ्यात. फरशी धुतलेली होती. खुब्यावर पडली."

पुढचं मला तुटक आठवतं. शेजाऱ्यांच्या गाडीत त्यांना घालून आणलं होतं, मला शाळेच्या फाटकातून घेतलं. मागच्या सीटवर त्या आडव्या, डोकं माझ्या मांडीवर. चिखली मागे पडली, बुलढाण्याचा रस्ता सुरू झाला आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांचा ओठ दाताखाली जात होता. 'खुबा मोडला तर' हे डॉक्टरांचं वाक्य माझ्या डोक्यात थांबत नव्हतं. जाऊबाई मात्र दिरांना सांगत होत्या, संध्याकाळी म्हशीचं दूध डाव्या बाजूने बसून काढा, उजवीकडून ती लाथ मारते. मी त्यांच्या केसांवरून हात फिरवत होते. मला आठवत होतं की माझ्या दोन्ही बाळंतपणांत याच बाईने माझं डोकं असं धरलं होतं, आणि मी कधी साधं दोन शब्दांत काही म्हटलं नव्हतं. आमच्यात तसं म्हणत नाहीत. मी गाडीतच म्हटलं, "जाऊबाई, तुमी होत्या म्हनून मी नोकरी केली. तुमी होत्या म्हनून माही लेकरं शिकली."

"मी काई मरून नाई राह्यली, मास्तरीण," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "फक्त पडली हाव."

फोटो निघाला. डॉक्टरांनी तो उजेडाच्या काचेवर लावला, जवळून बघितला, चष्मा काढून पुन्हा बघितला.

"मोडलेलं नाही," ते म्हणाले. "मुका मार आहे. सूज उतरली की चालतील."

मी तिथे त्या डॉक्टरांसमोर रडले. एक्कावन्नची होते तेव्हा रडले नाही, ते सगळं साठलेलं त्रेपन्नाव्या वर्षी तिथे निघालं. जाऊबाई स्ट्रेचरवरून बघत होत्या. त्यांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "हा फोटो मले नेता येईन का घरी?"

पुढच्या पौर्णिमेला मी गावी गेले. त्या काठी न घेता बुद्धविहारापर्यंत चालत आल्या, जरा लंगडत. वंदना झाल्यावर बायका ओट्यावर बसल्या तेव्हा त्यांनी पिशवीतून तो मोठा फोटो काढला आणि सूर्याकडे धरला. सात-आठ जणी मान वर करून बघू लागल्या. गल्लीतली एक तिशीची सून, तिला पिशवी काढायला सांगितलं होतं, तिला त्यांनी मुद्दाम पुढे बसवलं होतं आणि आधी बुलढाण्याला दाखवून यायला बजावलं होतं. ती म्हणाली, "याच्यात काय पाह्याचं, मोठ्याई?"

फोटोत हाड मोडलेलं नाही एवढंच दिसतं, ते कशाने वाचलं ते दिसत नाही, असं डॉक्टर मला म्हणाले होते. मी ते जाऊबाईंना सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

"हे पाह्य," त्या खुब्याच्या पांढऱ्या गोलावर बोट ठेवून म्हणाल्या. "साऱ्या जल्मात मी सोतासाठी जे खाल्लं, ते हे हाय."